पूररेषेतले घर, चिंताविकार आणि अठरा महिन्यांची गोळी

रविवार, 8 फेब्रुवारी 2026 रोजी न्याहारीनंतर मी एस्सिटॅलोप्रामची शेवटची अर्धी गोळी घेतली. पहिली गोळी घेतली होती ती 13 ऑगस्ट 2024 रोजी. हे औषध नैराश्यावरचे म्हणून ओळखले जाते, पण चिंताविकारावरही तेच देतात, आणि ते पहिल्यांदा हाती आले तेव्हा मला एवढेही माहीत नव्हते. पहिल्या आठवड्यातच मी ते बंद करायला निघाले होते, कारण त्या दिवसांत काय होते हे सांगणारे, स्वतः त्यातून गेलेले कोणी माझ्या ओळखीत नव्हते. निदान उघडपणे बोलणारे तरी नव्हते. म्हणून तारखा, खर्च आणि माझ्या हातून झालेल्या चुका यांसह सगळे क्रमाने लिहिते आहे. गोळीची जी मात्रा लिहिली आहे ती माझ्यापुरती आहे. कोणाला किती आणि किती काळ, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आमचे घर सांगलीच्या गावभागात, पूररेषेच्या आत आहे. सांगलीकरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या पाण्याचे आकडे पाठ असतात: 40 फुटांना इशारा पातळी, 45 फुटांना धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि आमचा तळमजला पार बुडाला. आम्ही दहा दिवस विश्रामबागेत नणंदेकडे काढले. परत आलो तेव्हा घरात घोट्याच्या वर गाळ होता, सागवानी कपाट फुगून उघडत नव्हते, आणि फोडून उघडल्यावर सासूबाईंच्या लग्नातल्या शालूची घडी हातात घेताच सुटून आली. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आले. दोन्ही वेळी पंचनामा, सानुग्रह अनुदानाचे कागद, पासबुकाच्या प्रती, गाळ काढणारी माणसे, भिंतींचा चुना हे सगळे मी निस्तरले, आणि घरातले अजूनही म्हणतात की तू होतीस म्हणून निभावले. त्या काळात मला भीती वाटल्याचे आठवत नाही. वेळच नव्हता.

जुलै 2024 मध्ये पावसाने जोर धरला तेव्हा मात्र काही वेगळेच सुरू झाले. कोयना धरणाची साठवणक्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातले किती भरले, विसर्ग किती क्युसेकने वाढवला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडले, आयर्विनला किती फूट झाले, हे मी दर काही मिनिटांनी फोनवर बघू लागले. रात्री दोन वाजता उठून बघायचे, मग पुन्हा पावणेतीनला. कार्यालयात समोर टिपणी उघडी असायची आणि पदराखाली फोन. घशात सतत आवंढा अडकल्यासारखा, जेवणावर वासना नाही, मुलाने दहावीच्या अभ्यासाचे काही विचारले तरी अंगावर वीज पडल्यासारखे दचकायचे. मी त्याला काळजी म्हणत होते. पूररेषेतल्या माणसाने पावसाळ्यात काळजी करणे यात आजार काय, असेच मला वाटत होते, आणि पाणी इशारा पातळीच्या आसपास आलेले असल्यामुळे ते पटण्यासारखेही होते.

25 जुलैच्या रात्री साडेअकराच्या सुमारास छाती आवळल्यासारखी झाली, दोन्ही हातांच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि आपण आता मरणार याची मला खात्री वाटली. यजमानांनी भर पावसात स्कूटरवरून एका खासगी रुग्णालयात नेले. तिथे ईसीजी काढला, रक्त घेतले, तीन तास निरीक्षणाखाली ठेवले. सगळे नॉर्मल. बिल 2,350 रुपये. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवले. हृदयाला काही झालेले नाही हे कळल्याचा दिलासा मोठा होता, पण तो पहाटेपर्यंतच टिकला. कारण जे झाले ते नेमके काय होते हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि त्यामुळे ते पुन्हा होईल या भीतीने मी पुढचे चार दिवस जिनासुद्धा एकटी चढले नाही. तो पॅनिक अटॅक होता, आणि भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मुंग्या येतात, हे मला अठरा दिवसांनी समजले.

29 जुलैला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-12 आणि सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगितले. 1,900 रुपये लागले. थायरॉईड वाढले असेल तर अशीच धडधड होते, त्यामुळे ही तपासणी टाळू नये. माझे बी-12 थोडे कमी निघाले, बाकी ठीक होते. मग त्यांनी चिठ्ठीवर मिरजेच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंचे नाव लिहिले आणि म्हणाले, “ताई, हे माझ्या आवाक्यातलं नाही, आणि तुमच्या एकटीच्या आवाक्यातलंही नाही. उशीर करू नका.” फोन केला तर पहिली वेळ मिळाली 12 ऑगस्टची. म्हणजे दोन आठवडे.

ते दोन आठवडे घरात कठीण गेले. यजमानांना गोळ्यांची धास्ती वाटत होती; एकदा लागल्या की सुटत नाहीत असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. सासूबाईंनी संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली. मला ते खटकले नाही. त्यांच्या हाताशी जो उपाय होता तो त्यांनी जीव तोडून केला, आणि पुढे पहिल्या भेटीला त्याच हट्टाने माझ्याबरोबर आल्या.

तोवर मी एक काम केले, ते नंतर फार उपयोगी पडले. एका कागदावर तारखांसह लक्षणे लिहिली, दुसऱ्या कागदावर मी घेत असलेली प्रत्येक गोष्ट: बी-12, पित्ताची गोळी, मैत्रिणीने दिलेले अश्वगंधा चूर्ण, डोकेदुखीवर अधूनमधून घेतलेली वेदनाशामके. डॉक्टरांसमोर बसल्यावर मला रडू आले आणि तोंडून शब्द फुटेना, तेव्हा मी ते दोन कागद पुढे सरकवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि तिथूनच बोलणे सुरू झाले.

पहिली भेट चाळीस मिनिटांची होती, फी 1,000 रुपये. त्यांनी सात प्रश्नांची मराठी प्रश्नावली भरून घेतली, जीएडी-7 नावाची. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण 21, आणि 15 किंवा त्याहून अधिक गुणांना तीव्र चिंता समजतात. माझे 17 आले. त्यानंतर त्यांनी असे प्रश्न विचारले ज्यांची मी तयारी केली नव्हती. कधी चार-पाच दिवस झोप न घेताही खूप उत्साह, खूप बोलणे, खूप खर्च असे झाले आहे का, माहेरी कोणाला तसे झाले आहे का? जीव नकोसा होतो का, स्वतःला संपवावे असे मनात येते का? पहिला प्रश्न यासाठी की द्विध्रुवी (बायपोलर) आजार, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य, असलेल्याला नुसते नैराश्यावरचे औषध दिले तर ते उलटू शकते. दुसऱ्याचे मी खरे उत्तर दिले: मरायचे नाही, उलट मरणाचीच भीती वाटते. तरीही त्यांनी सासूबाईंना आत बोलावून, पहिल्या काही आठवड्यांत फार अस्वस्थता, चिडचिड किंवा निरवानिरवीचे बोलणे दिसले तर लगेच फोन करायचा, असे माझ्यादेखत सांगितले. तरुण मुलांच्या बाबतीत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांच्या, हे अधिक जपावे लागते असेही त्या म्हणाल्या.

चिठ्ठीवर दोन औषधे होती. एस्सिटॅलोप्राम 5 मिलिग्रॅम, सकाळी खाल्ल्यावर, सात दिवस. आठव्या दिवसापासून 10. आणि मन शांत करणारे क्लोनाझेपाम 0.25 मिलिग्रॅम, रात्री झोपताना, फक्त तीन आठवडे, नंतर एक दिवसाआड करून बंद. दुसऱ्या गोळीची सवय लागू शकते, म्हणून ती मुदतीपुरतीच. पहिलीची तशी तलफ लागत नाही, पण ती अचानक तोडायची नाही. हा फरक यजमानांना मी घरी येऊन कागदावर काढून दाखवला, कारण त्यांची सगळी भीती दुसऱ्या गोळीची होती आणि ती त्यांनी पहिलीवर घातली होती. डॉक्टरांनी आणखी एक वाक्य सांगितले, ज्यावर माझा पुढचा सगळा उपचार तरला: “ताई, पहिले दहा-पंधरा दिवस धडधड उलट वाढू शकते. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, कधी सहाही. मधेच बंद करू नका, मला विचारा.”

गल्लीतल्या औषधाच्या दुकानात जायचे धैर्य झाले नाही. दुकानदार आमचा ओळखीचा, त्याची बायको माझ्या भिशीतली. म्हणून मिरजेतच स्टेशनजवळ गोळ्या घेतल्या. दुकानदाराने चिठ्ठी नीट वाचली, क्लोनाझेपामवर किती दिल्या ते लिहून शिक्का मारला आणि जास्तीच्या द्यायला नकार दिला. त्याचे बरोबरच होते. चिठ्ठीशिवाय ही औषधे मिळत नाहीत आणि मिळूही नयेत, त्यामुळे मूळ चिठ्ठी जपून ठेवावी आणि फोनमध्ये तिचा फोटो असावा.

आता गोळी सुरू केल्यावरचे ते पहिले दोन आठवडे.

पहिल्या दिवशी मळमळले, आणि झोप आलेली नसताना जांभया येत राहिल्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तळहातांना घाम. तिसऱ्या रात्री इतकी स्पष्ट स्वप्ने पडली की जागी झाल्यावर जमिनीवर पाय ठेवण्याआधी मी वाकून फरशी कोरडी आहे का ते चाचपले. चौथ्या दिवशी, 16 ऑगस्टला, सकाळी अकरा वाजता स्वयंपाकघरात उभी असताना पुन्हा तसाच झटका येणार असे वाटू लागले. हातातला चहाचा कप बशीवर वाजत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी तो खाली ठेवला आणि गोळीची पट्टी केराच्या डब्यात टाकली. औषधाने मी अधिक आजारी पडते आहे, हे माझ्या दृष्टीने सिद्ध झाले होते.

सासूबाईंनी पट्टी डब्यातून काढून पुसून ओट्यावर ठेवली आणि फोन माझ्या हातात दिला. “त्या बाईंनी सांगितलं होतं ना, विचार म्हणून. मग विचार.” डॉक्टर दुपारी दोनला फोनवर आल्या. मात्रा आणखी चार दिवस वाढवू नका, पोट भरून खाऊनच गोळी घ्या, चहा दिवसातून एकच, आणि हे औषधाचे सुरुवातीचे अंग आहे, ते ओसरेल, असे त्यांनी सांगितले. म्हणजे 10 मिलिग्रॅम माझ्याकडे 20 ऐवजी 24 ऑगस्टला सुरू झाले. ठरलेल्या वेळापत्रकात चार दिवसांची सवलत मागता येते हे मला माहीत नव्हते. मागावी.

त्याच रात्री पावणेदोनला मी टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन केला. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा चोवीस तास चालते आणि पैसे लागत नाहीत. मराठी निवडल्यावर एका समुपदेशक बाईंनी फोन घेतला. त्यांनी औषधाबद्दल काही सांगितले नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा म्हणाल्या, पण वीस मिनिटे माझ्याबरोबर श्वास मोजला: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. फोन ठेवला तेव्हा मी रडत होते, पण छातीवरचा दाब उतरला होता.

रोजची नोंद मी कालनिर्णयच्या चौकटीत ठेवली. सकाळी आणि रात्री, चिंता किती याचा शून्य ते दहा असा एक आकडा, बाकी काही नाही. लांबलचक डायरी लिहायला घेतली असती तर मी त्यातच गुरफटले असते. ऑगस्टच्या पानावर आठ, नऊ, आठ, नऊ असेच दिसते. 25 तारखेला पहिल्यांदा सहा आहे, मग पुन्हा आठ. गुण चढत्या पायरीने आला नाही. चांगले दिवस आधी एकेकटे आले, मग जोडीने.

रजेचे सांगते, कारण नोकरी करणाऱ्याला तीच चिंता सगळ्यात आधी पडते. मी सरकारी कार्यालयात वरिष्ठ साहाय्यक आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रावर 15 दिवसांची परिवर्तित रजा घेतली. त्यासाठी अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस, म्हणजे 30, वजा होतात, तेव्हा खात्यात शिल्लक किती हे आस्थापना शाखेत आधी विचारून घ्यावे. प्रमाणपत्रात आजाराचे नाव लिहावे लागते या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती, कारण ते पान कोणाकोणाच्या टेबलावरून जाणार हे मला चांगले ठाऊक होते. डॉक्टरांनी ‘चिंताविकार’ असे खरे तेच लिहिले आणि अर्ज बंद लिफाफ्यात अधिकाऱ्यांकडे देण्याचा मार्ग सुचवला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मध्ये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे हेही त्यांच्याकडूनच कळले. साहेबांनी लिफाफा उघडला, वाचला, सही केली आणि एवढेच म्हणाले, “माझ्या बहिणीला आहे. निवांत या.” हजर होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते; ते 26 ऑगस्टच्या भेटीत मागून घेतले, नाहीतर त्यासाठी वेगळी खेप पडली असती.

7 सप्टेंबरला गणपती बसले. गोळी सुरू होऊन सव्वीसावा दिवस होता. मोदक दरवर्षी मी करते. त्या वर्षी जाऊबाई करणार असे ठरले होते, पण मी सहज पाटावर बसले. उकडीची पारी हातावर घेतली, अंगठ्याने आणि दोन बोटांनी पाकळ्या काढत गेले. अकरा मोदक झाले तेव्हा माझ्या लक्षात आले की बाहेर पाऊस पडतो आहे, बराच वेळ पडतो आहे, आणि माझी बोटे थरथरत नाहीत. फोन आतल्या खोलीत होता. मी उठले नाही. एकविसावा मोदक होईपर्यंत मी कोणाला काही सांगितलेही नाही, बोलले तर ते निघून जाईल असे वाटत होते. त्या दिवशी कालनिर्णयमध्ये चार लिहिले आहे.

सप्टेंबरच्या मध्याला रात्रीची गोळी बंद झाली. दोन रात्री झोप उडाली, तिसऱ्या रात्री लागली. आणि आता बरे वाटते म्हणून मी निर्धास्त झाले, तिथे चूक घडली. दिवाळीला कऱ्हाडला माहेरी गेले तेव्हा गोळ्यांची नवी पट्टी घ्यायची राहिली. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत तीन दिवस गोळी नाही. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेची बारीक सळसळ जावी तसे होई, चक्कर येई, भावाच्या मुलांवर मी विनाकारण ओरडले. आजार उलटला असे समजून मी हादरले. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की ही औषध एकदम तुटल्याची लक्षणे आहेत, चिंता परत आल्याची नव्हेत; गोळी सुरू केल्यावर दोन दिवसांत ती गेली. तेव्हापासून पट्टीत सात गोळ्या उरल्या की नवी आणायची आणि चार गोळ्या पर्समध्ये वेगळ्या ठेवायच्या, हा नियम मी मोडला नाही.

गोळीने काय केले आणि काय केले नाही, हे नीट सांगितले पाहिजे. तिने माझ्या अंगातला सततचा गजर खाली आणला. फोनकडे जाणारा हात मात्र सवयीने जातच होता. त्यासाठी ऑक्टोबर 2024 पासून सांगलीतल्या एका चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडे बारा सत्रे घेतली, प्रत्येकी 800 रुपये. मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषध देतात; मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, विचार आणि वागणे यांवर काम करतात. मला दोन्ही लागले. पाणीपातळी बघायची ती सकाळी आठ आणि रात्री आठ, तीही एकाच अधिकृत ठिकाणी, असे ठरले. मधल्या वेळात हात फोनकडे गेला तर ‘आत्ता बघून मी काय वेगळे करणार आहे’ हा प्रश्न कागदावर लिहून त्याचे उत्तरही लिहायचे. जानेवारीत त्यांनी मला आयर्विन पुलावर जाऊन वीस मिनिटे नुसते उभे राहायला सांगितले. पाणी खाली, संथ, कडेला वाळू उघडी पडलेली, आणि तरी माझे पाय लटपटत होते. मी कठडा धरून उभी राहिले. पंधराव्या मिनिटाच्या आसपास शरीर आपोआप सैलावले. असे सहा वेळा केले. शेवटच्या वेळी मी तिथे शेंगा खाल्ल्या.

दुष्परिणामांपैकी मळमळ आणि जांभया महिनाभरात गेल्या. वजन वर्षात तीन किलोंनी वाढले. शारीरिक जवळिकीची इच्छा बरीच कमी झाली. हे सांगायला मला पाच महिने लागले, आणि सांगितल्यावर डॉक्टरांनी अगदी रोजच्या तक्रारीसारखे ऐकून घेतले, हे या औषधाने पुष्कळांना होते म्हणाल्या, आणि औषध बदलण्याचा पर्यायही समोर ठेवला. मी आणि यजमानांनी बोलून आहे तेच चालू ठेवले. औषध कमी होत गेले तसे ते सुधारले. हे लिहायला संकोच वाटतो, पण कित्येक जण याच कारणाने न सांगता गोळी सोडत असतील असे मला वाटते. मार्च 2025 मध्ये दाढ काढली तेव्हा दंतवैद्यांना आधी चिठ्ठी दाखवली, कारण काही वेदनाशामकांबरोबर या औषधाने रक्तस्राव वाढू शकतो आणि ट्रॅमाडॉलसारखे तीव्र वेदनाशामक तर याच्याबरोबर जपूनच द्यावे लागते.

खर्चाचा हिशेब: त्या रात्रीचे 2,350, तपासण्या 1,900, डॉक्टरांची पहिली भेट 1,000 आणि पुढच्या अकरा भेटी प्रत्येकी 600 प्रमाणे 6,600, मानसशास्त्रज्ञ 9,600, औषधे साधारण 2,000. एकूण साडेतेवीस हजारांच्या आसपास. औषधे स्वस्त पडली, कारण तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून मी जनऔषधी केंद्रातून त्याच औषधाची जेनेरिक गोळी घेऊ लागले. आमच्या आरोग्य विम्यातून काही मिळाले नाही. कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावा लागतो, पण आमची पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होणारी आहे, आणि असे उपचार बाह्यरुग्ण म्हणूनच होतात. इतका खर्च शक्य नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. माझ्या चुलत बहिणीने असेच केसपेपर काढून उपचार घेतले. तिला रांगेत सकाळ घालवावी लागे, भेट पाच-सात मिनिटांची होई, पण औषध तेच आणि गुणही आला.

जून 2025 पर्यंत माझे जीएडी-7 चे गुण चारवर आले होते. गोळी बंद करू या का, असे मी विचारले, तर डॉक्टरांनी साफ नकार दिला: बरे वाटू लागल्यावरही औषध काही महिने चालू ठेवायचे असते, आणि तुमच्या बाबतीत तर पावसाळा तोंडावर आहे. तो निर्णय किती बरोबर होता ते ऑगस्टमध्ये कळले. पाणी चढत चढत इशारा पातळीच्या वर गेले. रात्री आठची नोंद बघून मी यजमानांना म्हणाले, “उद्या सकाळी तळमजला रिकामा करू.” सकाळी गहू, गॅसची टाकी, मुलाची पुस्तके वर नेली, सासूबाईंना नणंदेकडे पोचवले. छातीत धडधडत होते. पण ती धडधड जिना चढण्याची आणि काळजीची होती; मी जेवले, आणि रात्री साडेपाच तास झोपले. जादा गोळी घेतली नाही, पुलाचा आकडा दिवसातून चार वेळा बघितला, आणि तो दोनऐवजी चार झाला हे पुढच्या भेटीत सांगितले. पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत आले नाही.

दिवाळीनंतर, 3 नोव्हेंबरपासून, मात्रा उतरवायला घेतली: 10 वरून 5, सहा आठवडे, मग 5 च्या गोळीचा अर्धा भाग, आठ आठवडे. खरे तर अर्धी गोळी चारच आठवडे घ्यायची होती, पण डिसेंबरच्या शेवटी पुन्हा ती डोक्यातली सळसळ आणि उगाच भरून येणे सुरू झाले, म्हणून मुदत वाढवली. या वेळी मी घाबरले नाही, कारण हे काय आहे ते दिवाळीच्या चुकीने शिकवले होते. गोळी अर्धी करायला दुकानात वीस-तीस रुपयांना प्लास्टिकचा छोटा कटर मिळतो. सुरीने केली तर चुरा होतो.

आज शेवटच्या अर्ध्या गोळीला पाच आठवडे झाले. दोन रात्री वाईट गेल्या, बाकीच्या बऱ्या. डॉक्टरांनी पुढची भेट जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे, पावसाआधी. गरज पडली तर गोळी पुन्हा सुरू करू, त्यात हरण्यासारखे काही नाही, असे त्या म्हणाल्या आहेत. आमच्या घरात एक जाड प्लास्टिकची पिशवी आहे, 2019 नंतर शिवून घेतलेली, चेनची. घराचा उतारा, मुलाची गुणपत्रके, विम्याचे कागद, पासबुके तिच्यात असतात, आणि पुराची चाहूल लागली की ती सर्वांत आधी वर जाते. गेल्या आठवड्यात मी माझी उपचारांची फाइल, सगळ्या चिठ्ठ्यांसह आणि कालनिर्णयच्या त्या दोन वर्षांच्या पानांसह, त्या पिशवीत ठेवली. आधी ती माझ्या साड्यांखाली असे.